नांदगावला उतरा, वेरूळ गाठा!

वीकेंड म्हणजे मॉलच, असं कुणी सांगितलं? मुंबईहून रात्रीची गाडी पकडा आणि पहाटे नांदगावला उतरा. मनमाडहून निजामाची रेल्वे 1900 मध्ये सुरू होण्याआधी वेरूळचे प्रवासी इथूनच टांग्याने पुढे जायचे! आम्ही जीप केली. (मंगळवारी लेणी बंद, लक्षात ठेवा.)

सगळे धावतात कैलासकडे. तुम्ही आधी दहा नंबरच्या लेण्यात शिरा. सातव्या शतकातलं चैत्यगृह. छताला लाकडी वासे? नाही बॉस, सगळा दगड! म्हणूनच लोक याला ‘सुताराची झोपडी’ म्हणतात. समोर स्तूप, त्याला पाठ लावून बसलेले बुद्ध.

मी फोटोसाठी अँगल शोधत होते. तेवढ्यात एका आजींनी चपला बाहेर काढल्या, हात जोडले आणि त्रिसरण सुरू केलं. आवाज कमानीत घुमत राहिला. मी खाली पाहिलं. माझे शूज अजून पायातच होते.