झोप हा अभ्यासाचाच भाग

२०१९ मध्ये बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि एमबीबीएसच्या १०० जागा या भागाला मिळाल्या. आज ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ओळखले जाते. त्याच वर्षी देशभर नवा, क्षमताधारित वैद्यकीय अभ्यासक्रमही लागू झाला. पहिल्याच वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन. जोडीला लॉगबुक, प्रिलिम, व्हायव्हा. परीक्षा जवळ आली की कुठल्याही वैद्यकीय वसतिगृहात ‘नाइट मारणे’ सुरू होते.

बारामती-इंदापूरच्या मुलांना जागरणाचे अप्रूप नसते. रात्रीच्या विजेवर उसाला पाणी देणारे वडील आणि भवानीनगरच्या साखर कारखान्यात रात्रपाळी करणारी माणसे पाहतच ती मोठी झालेली असतात. जो जागतो तोच कष्टाळू, ही समजूत तिथूनच घट्ट होते. शेतात जागरण नाइलाजाने करावे लागते. अभ्यासात मात्र ते तोट्याचेच ठरते, हे शरीरक्रियाशास्त्र शिकवणाऱ्या आम्हा मंडळींनी मुलांना ठामपणे सांगायला हवे.

दिवसभर वाचलेले आधी मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात तात्पुरते साठते. ते पक्के होण्याचे मोठे काम झोपेत चालते. गाढ झोप रात्रीच्या पूर्वार्धात जास्त असते, तर स्वप्नांची रेम झोप पहाटेकडे. चारचा गजर लावणारा विद्यार्थी या रेम झोपेचाच मोठा वाटा गमावतो.

चहा-कॉफीने झोप भागत नाही. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन साचत जाते आणि झोप येऊ लागते. कॅफिन त्याची जागा अडवते, पण साचलेले अ‍ॅडेनोसिन तसेच राहते. कॅफिनचा निम्मा अंश शरीराबाहेर जायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे रात्री दहाच्या कॉफीचा अर्धा अंमल पहाटे तीनलाही शिल्लक असतो.

ऑस्ट्रेलियातील डॉसन आणि रीड यांनी १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिले, की सलग १७ तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी ढासळते. रुग्णालयातला धोका याहून मोठा. २००४ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांना आढळले, की २४ तास वा त्याहून लांब पाळ्या करणाऱ्या इंटर्नांकडून, पाळ्या कमी केलेल्या इंटर्नांच्या तुलनेत गंभीर चुका ३६ टक्के जास्त झाल्या.

उपाय साधे आहेत. उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी, सुट्टीच्या दिवशीही. दुपारी चारनंतर चहा-कॉफी नको. जेवणानंतर वीस मिनिटांची डुलकी चालेल, दोन तासांची नको. एकच प्रकरण एका रात्रीत संपवण्यापेक्षा आठवड्यात तीनदा वाचावे. परीक्षेच्या आदल्या रात्री किमान सहा तास झोपावेच. रात्रपाळी संपल्यावर निमगाव केतकीमार्गे इंदापूरला दुचाकीने निघू नये. आधी झोपावे किंवा एसटी धरावी. महिनाभर झोप येत नसेल, मन उदास राहत असेल, तर आपल्याच रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जावे. त्यात कमीपणा नाही.

सगळा भार विद्यार्थ्यांवर टाकून मात्र चालणार नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिगटाने २०२४ मध्ये निवासी डॉक्टरांसाठी आठवड्याला कमाल ७४ तास कामाची शिफारस केली आहे. ती प्रत्येक महाविद्यालयाने पाळ्यांच्या तक्त्यात उतरवावी. आणि पालकांनो, रात्री मुलाला फोन केलात, तर ‘किती वाचलंस?’ याआधी ‘किती झोपलास?’ एवढे विचारा.