उंबऱ्याबाहेरचे व्याकरण

संगणकशास्त्रातील पीएच.डी. म्हटली की अवाढव्य यंत्र, थंड खोली आणि छिद्रे पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे असे जुने चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. मद्रासच्या आयआयटीत १९७३ साली आयबीएम ३७०/१५५ हे तसे यंत्र आलेही. परंतु त्याच शहराच्या तांबरम उपनगरात, मद्रास ख्रिश्चन कॉलेजात, ह्या विद्येची एक परंपरा आधीच रुजू लागली होती. तिला खडू, फळा आणि कागद एवढेच साहित्य पुरत असे. गणिताच्या प्राध्यापिका राणी सिरोमनी ह्या तिच्या प्रवर्तक. त्यांच्याकडे संशोधन करून डॉक्टरेट मिळविणाऱ्यांत कमला कृतिवासन ह्या होत्या. पुढे त्या आयआयटीत प्राध्यापक झाल्या.

चोम्स्कीच्या व्याकरणात एका चिन्हाच्या जागी चिन्हांची ओळ ठेवीत वाक्य लांबत जाते. वाक्य एकाच दिशेने वाढते. चित्र मात्र आडवे आणि उभे असे दोन्ही अंगांनी वाढते. एका घराच्या जागी मोठा चौकोन ठेवला तर शेजारच्या ओळींशी त्याचा मेळ बसेना. ही अडचण सोडविणारी आयत-मांडणीची व्याकरणे सिरोमनींच्या गटाने रचली, आणि १९७४ मध्ये राणी, त्यांचे पती संख्याशास्त्रज्ञ गिफ्ट सिरोमनी व कमला कृतिवासन ह्यांनी ती कोलमला लावून दाखविली. प्रमेयासाठी उदाहरण परदेशी ग्रंथातून उसने घ्यावे लागले नाही. ते तांदळाच्या पिठाने रोज सकाळी दारापुढेच काढले जात होते.

आपल्याकडील ठिपक्यांच्या रांगोळीत बहुधा ठिपके जोडले जातात. कंबी कोलममध्ये रेघ ठिपक्यांना वळसे घालीत जाते आणि आरंभबिंदूला येऊन मिळते. कधी सारी आकृती एकाच अखंड रेघेची असते, कधी अशा अनेक रेघांची. इथेच एक शंका उद्भवते. आकृती बिनचूक निर्माण करणारे नियम सापडले, म्हणजे ती काढणारीचे ज्ञान सापडले काय? आयताचे व्याकरण ओळी-स्तंभ भरते. बाई ओळी भरीत नाही, तिचा हात वळणांवरून चालतो. ओवीची मात्रागणना करून ओवी गाणारीचे मन कळले असे साहित्याचा अभ्यासक म्हणणार नाही. (म्हणणारे भेटतात, ही गोष्ट वेगळी.)

ह्या गटाचे मोठेपण असे, की तो पहिल्या यशावर थांबला नाही. पुढील कामात हाताच्या हालचालींनाच चिन्हे मानून, रेघेच्या आवर्तनांचे व्याकरण मांडण्याचा यत्न झाला. गिफ्ट सिरोमनी १९८८ मध्ये निवर्तले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आर. नरसिंहन ह्यांनी १९८९ मध्ये संपादिलेल्या त्यांच्या स्मृतिग्रंथात कंबी कोलमवरचा निबंध आहे. त्यातही रेघ कोठून सुरू करावी हे व्याकरणाला सांगावे लागते. तांबरमच्या दारापुढे ओणवी झालेली स्त्री ते कोणाला विचारीत नाही.