भरायचं पाणी, खेळायचं पाणी

माझ्या आईचं पाण्याशी नातं सगळं कामाचं होतं. काटोल तालुक्यातल्या माहेरी ती विहिरीचं पाणी शेंदायची. लग्न होऊन नागपूरला महालातल्या वाड्यात आली, तेव्हा रहाट सुटला आणि नळ मागे लागला. वाड्यात बिऱ्हाडं बरीच, नळ एकच. पहाटे कोणीतरी ‘नळ आला’ म्हणून हाक द्यायचं की बायका उठून पितळी गुंड घेऊन रांगेला. पिण्याचं पाणी आधी, फडक्यानं गाळून. मग रांजण, मग न्हाणीतलं टाकं, मग भांड्यांचं, आणि उरलं तर अंगणातल्या तुळशीला आणि जास्वंदीला. कोणतं पाणी कुठे जाणार हे तिच्या हातांना पाठ होतं. धारेच्या आवाजावरून गुंड किती भरला ते तिला पाठमोरी उभी असतानाही कळायचं.

खेळायचं पाणी तेवढं वर्षातून एकदा निघे, धुळवडीला. फाल्गुन लागला की वाडीच्या पुढे अमरावती रोडच्या कडेनं पळस पेटलेला असतो, आजही असतो. बाबा सायकलवर जाऊन पिशवीभर फुलं आणत. आई ती मोठ्या गंजात रात्रभर भिजवून सकाळी उकळायची. केशरी पाणी निघायचं, कपड्यांवर त्याचा फिका पिवळा डाग राहायचा. दोन बादल्या आमच्या. त्या संपल्या की खेळ संपला, मग कितीही रडा. ती स्वतः पायरीवर उभी राहून पाहायची. कोणी तिच्या अंगावर पाणी उडवलं तर हसायची, पण तिचं लक्ष बादलीतल्या पातळीवर असायचं.

नागपूरचा वसंत ज्यांनी काढला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना वाटतं चैत्र म्हणजे पालवी आणि कोकिळा. आमच्याकडे चैत्रात पालवी येते, कोकिळाही ओरडते, आणि त्याच आठवड्यात माळ्यावरचा कूलर खाली उतरतो. त्याच्या बाजूंच्या जाळ्यांत नवा वाळा भरायचा, टाकी पाण्यानं भरायची, ती पुन्हा पुन्हा भरत राहायची. मार्चच्या शेवटी दुपारी रस्ते ओस पडतात. पाऱ्यानं चाळिशी गाठली की शहराच्या बोलण्यात पाण्यावाचून दुसरा विषय राहत नाही. अशा गावात भर उन्हात पाण्यात डुंबायला मिळणं ही चैन आहे, आणि मी हा शब्द पूर्ण आदरानं वापरते आहे.

लहानपणी आमच्यासाठी पाणी पाहायची जागा म्हणजे अंबाझरी. १८७० साली बांधलेला हा तलाव एके काळी शहराला पाणी पाजायचा; नाग नदी याच्या सांडव्यापासून शहरात शिरते. रविवारी बगिच्यात जायचं, भेळ खायची, तलावाच्या भिंतीवर बसून वारा घ्यायचा. पाण्यात पाय सोडायची मुभा नव्हती. पोट्टे कुठून कुठून उतरून पोहायचे. पोरींनी पाहायचं. पोहायला शिकवावं असं माझ्या घरात कोणाच्या मनातही आलं नाही, आणि तो काही माझ्याच घराचा दोष नव्हता. वाड्यातल्या एकाही बाईला पोहता येत नव्हतं. काटोलकडच्या मावश्यांना तर विहिरीत डोकावतानाही देवाचं नाव घ्यायची सवय, कारण गावोगावी विहिरीत कोणीतरी गेलेली असायची.

म्हणून जगात वॉटर पार्क कधी आले, कोणी आणले, याच्याशी मला फार कर्तव्य नाही. अमेरिकेत ऑर्लँडोला १९७७ मध्ये जॉर्ज मिले यांनी ‘वेट एन वाइल्ड’ काढला, आपल्याकडे मुंबईत गोराईला १९९८ मध्ये ‘वॉटर किंगडम’ आला, हे नंतर वाचलं. माझ्यासाठी त्याची सुरुवात आईच्या भिशीतून झाली.

तोवर आम्ही महाल सोडून प्रतापनगरला आलो होतो. भिशीतल्या बायकांची दरवर्षी एक सहल निघायची: रामटेक, आदासा, अंभोरा. देवाला जाऊन यायचं. २००५ च्या वसंतात कोणा सुनेनं सुचवलं की यंदा बाजारगावला जाऊ, अमरावती रोडवर ‘फन अँड फूड व्हिलेज’ आहे, तिथे पाण्याचे खेळ आहेत. दोन-तीन दिवस चर्चा झाली. देव नाही, दर्शन नाही, नुसतं पाण्यात खेळायला जायचं? शेवटी एका आत्याबाईंनी निकाल दिला, “जन्मभर पाणी भरून राहिलो, एक दिवस भिजून तर पाहू.” मिनीबस ठरली. मीही माहेरी आले होते, मलाही ओढलं.

दारातच साडीचा प्रश्न उभा राहिला. साडी नेसून पाण्यात उतरता येत नाही, नायलॉनचाच पोशाख लागतो. सुती कापडाचे धागे गाळणीत अडकतात, आणि भिजलेली साडी पायात गुंतते. अनामत भरून भाड्याचे कपडे मिळत होते: गुडघ्याखाली येणारी विजार, वर बाह्यांचा सैल सदरा. कपडे बदलायच्या खोलीत जे झालं ते मी कधी विसरणार नाही. पन्नाशी-साठीच्या बायका, ज्यांनी लग्नानंतर लुगडं-साडीवाचून अंगाला दुसरं काही लावलं नव्हतं, त्या एकमेकींकडे पाहत उभ्या. कोणाचा सदरा पोटावर ताणलेला, कोणाची विजार घोट्यापर्यंत. आई कितीतरी वेळ बाहेर येईना. मग मनगटात लॉकरच्या किल्लीचा रबरी पट्टा, कपाळावर कुंकू, डोक्याला घट्ट अंबाडा आणि अंगात निळा नायलॉनचा सदरा अशी ती आली. माझ्याकडे न पाहता म्हणाली, “चाल.”

घसरगुंड्यांकडे ती फिरकली नाही. लाटांच्या तलावाशी मात्र थांबली. या तलावाची रचना साधी असते. एका टोकाला पाणी खोल, दुसऱ्या टोकाला समुद्रकिनाऱ्यासारखा उतार, आणि खोल टोकाच्या भिंतीमागे बंद कप्पे. त्या कप्प्यांत मोठे पंखे हवा कोंबतात, हवा पाण्याला खाली दाबते, दबलेलं पाणी लाट होऊन पुढे येतं, मग ती हवा सोडतात. थोडा वेळ लाटा, मग थोडा वेळ निवांत. लाटा सुरू व्हायच्या आधी भोंगा वाजतो. भोंगा वाजला आणि सगळ्या बायकांनी हात धरून साखळी केली. आई मधोमध. पहिली लाट गुडघ्यांना लागली, दुसरी कमरेला. तिसरीनं साखळी तुटली, सगळ्या बसल्या, कोणी आडवी झाली, आणि आई पाण्याखाली जाऊन वर आली. अंबाडा सुटलेला, कुंकू गालावर ओघळलेलं, नाकातोंडात क्लोरीनचं पाणी. मी धावले. तिनं मला हातानं मागे सारलं. “मायबाई!” एवढंच म्हणाली आणि पुन्हा खोल टोकाकडे तोंड करून उभी राहिली. लाटा थांबल्या तरी ती तिथून हलेना. पुढच्या भोंग्याची वाट पाहत पाण्यात बसून राहिली, दोन्ही तळहातांनी पाणी मारत. इतकं पाणी पाहून कोणाची भांडी भरायची हा हिशोब त्या दिवशी तिच्या डोळ्यांत नव्हता.

फाटकाबाहेर कडुलिंबाखाली पुऱ्या, बटाट्याची कोरडी भाजी आणि लोणचं खाल्लं. परतीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना पळस झडत आलेला. सगळ्या ओल्या केसांनी झोपल्या होत्या. आई जागी होती.

त्याच वर्षी जूनमध्ये पत्रकार पी. साईनाथ यांचा लेख ‘द हिंदू’मध्ये आला, याच बाजारगावावर, याच पार्कवर. बाहेर ४७ अंश, आत बर्फाचा घुमट, त्याच्या एका कोपऱ्यात उणे १३. तो बर्फ टिकवायला रोज चार हजार रुपयांची वीज. अठरा प्रकारच्या पाण्याच्या घसरगुंड्या आणि खेळ. आणि ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत हे सगळं, त्या गावात सगळ्यांसाठी एकच सरकारी विहीर, कधी चार-पाच दिवसांतून एकदा पाणी, कधी दहा दिवसांतून एकदा.

मी तो लेख आईला मराठीत करून वाचून दाखवला. मला वाटलं, ती म्हणेल की आपण जायला नको होतं. ती बराच वेळ बोलली नाही. दहा दिवसांनी पाणी म्हणजे काय हे तिला माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं ठाऊक होतं. काटोलकडच्या तिच्या माहेरच्या विहिरी संत्र्याच्या बागांपायी खोल खोल गेल्या होत्या. मग म्हणाली, “मंग त्या बायांनाही नेलं पाहिजे न वं तिथं. पाणी आधी त्यांच्या घरी, आणि मंग एक दिवस त्यांनाही खेळू द्या.”

त्या वाक्याशी मी इतकी वर्षं झगडते आहे. माझ्या ओळखीच्या शिकलेल्या माणसांत दोनच बाजू असतात. एक म्हणते, पैसे मोजले आहेत, मजा करा. दुसरी म्हणते, दुष्काळी मुलखात असले खेळ हे पापच. मी दुसऱ्या बाजूच्या जवळची आहे. पार्कवाले सांगतात की तेच पाणी गाळून पुन्हा फिरवतात, आणि ते खरंही आहे; पण नागपूरच्या मे महिन्यात उघड्या पाण्याची पातळी रोज सेंटिमीटरभर तरी नुसती हवेत जाते, ती भरून काढायला कुठूनतरी उपसा करावाच लागतो. बोअर खोल गेली की शेजारच्या विहिरीला कळतं. हे सगळं मान्य. तरी ज्या बाईनं जन्मभर डोक्यावर पाणी वाहिलं तिचा त्या पाण्यात डुंबायचा हक्क पहिला, हे आई म्हणाली ते मला कोणत्याच लेखात सापडलं नाही. घागर उचलणाऱ्या बाईला पाणी नुसतं वजन म्हणून ठाऊक असावं, हा अन्याय मला तहानेइतकाच मोठा वाटतो.

माझ्या मुलांचं पाणी वेगळं होतं. त्यांचा ‘क्रेझी कॅसल’ अंबाझरीलगतच, सायकलच्या अंतरावर. कोणाचाही वाढदिवस असो, तिथेच. परीक्षा संपली की तिथेच. पावसाच्या खोट्या सरींखाली मोठ्यानं गाणी लावून नाचायचं, घसरगुंडीवरून डोकं पुढे करून यायचं. माझी मुलगी पोहायला शिकली, तिला पाण्याची भीती कधी कळलीच नाही. ती घसरगुंडीच्या टोकावर बिनधास्त बसलेली दिसली की मला वाड्यातल्या रांगेपासून इथवर किती अंतर कापलं याची जाणीव व्हायची, आणि डोळे भरून यायचे. पुढे ती जागा महामेट्रोकडे गेली, पार्क बंद झाला. आता लोकमान्य नगर ते प्रजापती नगर मेट्रो तिथून धावते; त्या मार्गिकेचं नावच ॲक्वा लाईन. खिडकीतून अंबाझरीचं सगळं पाणी एका नजरेत दिसतं. मुलगी सुटीवर आली की त्या बाजूच्या खिडकीशी बसते आणि आपली घसरगुंडी कुठे होती ते शोधते.

हे शहर पाणी कधी विसरू देत नाही. २०१९ मध्ये पाऊस लांबला, तोतलाडोह धरणाचा साठा तळाला गेला, आणि जुलैत महापालिकेनं एक दिवसाआड पाणी द्यायला सुरुवात केली. प्रतापनगरच्या फ्लॅटमध्ये मी माळ्यावरून आईचे गुंड काढले. चार वर्षांनी, २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे, तोच अंबाझरी ओसंडून वाहिला. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीत झोपेतल्या माणसांच्या पलंगाला पाणी लागलं. तळमजल्यावर राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीचा फ्रीज तरंगत स्वयंपाकघराच्या दाराशी आला होता. चिखल उपसायला आम्ही गेलो, तेव्हा हंडे-बादल्यांनी पाणी बाहेर फेकणाऱ्या बायकाच होत्या. नाग नदीच्या पात्रात आणि तलावाच्या तोंडाशी काय काय बांधलं गेलं, याची चर्चा मग शहरात आणि उच्च न्यायालयातही झाली.

आई गेली त्याला काही वर्षं झाली. तिची भिशी तिच्या सुनांनी आणि मी चालू ठेवली आहे. यंदा चैत्रात पुन्हा पाण्याची सहल काढायचं ठरलं, आणि मी अट घातली की प्रत्येकीनं आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाईलाही आणायचं, तिचं तिकीट भिशीतून. थोडी कुरकुर झाली. एकीनं विचारलं, त्या येतील का? दुसरी म्हणाली, त्यांना अवघडल्यासारखं होईल. मी म्हटलं, कपड्यांच्या खोलीत आपणही अवघडणार आहोत, तिथे सगळ्या सारख्याच. ठराव झाला.

आमच्याकडच्या बाईंच्या वस्तीत आजही उन्हाळ्यात टँकर येतो. टँकरच्या तोंडाशी पाइप टाकायला त्या आपल्या थोरल्या मुलाला पुढे पाठवतात आणि मागे ड्रम धरून उभ्या राहतात. मग तिथून आमच्याकडे येऊन आमची भांडी घासतात. मी त्यांना सहलीचं सांगितलं तेव्हा त्यांनी आधी भांडी विसळून पालथी घातली, हात पुसले.

“साडी चालते का तिथं?”

“नाही. तिथले कपडे मिळतात. पूर्ण अंगाचे.”

“पैसे?”

“भिशीतून.”

“बुडत तर नाही न कोणी?”

“लाटांच्या कडेला उभं राहायचं. मी आहे.”

त्यांनी थोडा विचार केला. रविवार म्हणजे त्यांच्या नवऱ्याच्या सुटीचा दिवस, घरी मटण, पोरांचं धुणं, टँकर.

“मंग मी येतो,” त्या म्हणाल्या. “घरी सांगून ठेवतो, रविवारचं पाणी तुम्ही भरा म्हणून.”