नट हलला नाही, पकड गेली

मांडवगण फराट्याच्या परिसरात दिवाळी आली की ऊसतोडीचे वेध लागतात. गळीत हंगाम सुरू झाला, की भीमाकाठच्या खडबडीत रस्त्यांवरून उसाने भरलेले ट्रक निघतात आणि गॅरेजमध्ये एक तक्रार ठरलेली असते: ‘सेंटर बोल्ट तुटला.’ बोल्टच्या जोडांचा हिशेब करणं हा माझा व्यवसाय. त्यामुळे माझा पहिला संशय यू-बोल्टवर जातो.

सेंटर बोल्टचं काम स्प्रिंगचे पाटे एका रेषेत ठेवण्याचं. पाट्यांचा गठ्ठा ॲक्सलला आवळून धरतात ते दोन यू-बोल्ट, म्हणजे चार नट. ही पकड ढिली पडली की पाटे सरकतात, भार सेंटर बोल्टवर येतो आणि तो कातरला जातो. कधी त्याच्या भोकाशी पाटाच मोडतो.

मग पकड मोजायची कशी? ढोबळ सूत्र असं: टॉर्कला, म्हणजे नट आवळण्याच्या पिळाला, बोल्टच्या व्यासाने आणि घर्षणाच्या गुणकाने भागायचं. १६ मिमीचा बोल्ट, २०० न्यूटन-मीटर टॉर्क आणि कोरड्या आट्यांसाठी ०.२ गुणक धरला, तर यू-बोल्टच्या एका पायाला ६२,५०० न्यूटन, म्हणजे सहा टनांहून अधिक ओढ मिळते. चार पायांची मिळून सुमारे २५ टन. पाटे दहा असले तरी ही पकड दहांत वाटली जात नाही. वरपासून खालपर्यंत प्रत्येक पाट्यावर ती पूर्णच येते.

घोळ होतो तो गुणकात. पान्यावर लावलेल्या जोरातला सुमारे नव्वद टक्के भाग नटाखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणात जातो. बोल्ट ताणायला उरतो दहावा हिस्सा. आट्यांना तेल लावून गुणक ०.१५ झाला, तर त्याच टॉर्कला पकड एक तृतीयांशाने वाढते. गंज असेल तर घटते. टॉर्क पाना वापरूनही २५-३० टक्के फरक पडतो; पान्याला पाइप लावून केलेल्या अंदाजाचं तर बोलायलाच नको.

खरी पकड बोल्टच्या ताणात असते, आणि त्या ताणाने बोल्ट फार थोडा लांबतो. वरच्या उदाहरणात १०० मिमी लांबीचा पाय जेमतेम ०.१९ मिमी वाढतो. पाट्यांमध्ये रंग, माती, गंज असतोच. पहिल्या भरलेल्या खेपांत हे थर दबतात. दहा पाट्यांच्या नऊ सांध्यांत मिळून ०.०५ मिमी जरी बसलं, तरी पकडीचा जवळजवळ चौथा हिस्सा जातो. नट मात्र जागचा हललेला नसतो! त्यानंतर आडवे हादरे काम पुरं करतात. जोड आडवा सरकू लागला की नट आपसूक फिरतो, हे गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये प्रयोगाने दाखवलं. स्प्रिंग वॉशर तिथे फारसा कामाला येत नाही.

म्हणून हंगामाआधी पाटे आणि त्यांची ॲक्सलवरची बैठक साफ करा. जुने, ताणलेले यू-बोल्ट पुन्हा वापरू नका. चारही नट समोरासमोरचे, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. कारण एक आवळला की शेजारचा सैल पडतो. पहिल्या भरलेल्या खेपेनंतर पुन्हा आवळा. आणि टॉर्कचा आकडा गाडीच्या कंपनीच्या पुस्तिकेतला घ्या, माझ्या उदाहरणातला नको.