संतूरसाठी इरलं

आषाढ लागला की आमच्या शहापूर-मुरबाडकडे दारं फुगतात, आगकाडी ओढून ओढून पेटत नाही, आणि संतूर सुरात राहत नाही. दमट हवेने लाकूड फुगतं, तारांवरचा ताण बदलतो. काश्मिरी संतूरला परंपरेने शंभर तारा. एकेक खुंटी हातोडीने फिरवत शेवटच्या तारेशी पोचावं, तोवर पहिली उतरलेली असते.

अशा दिवसांत आम्ही संतूरवेडे मित्र अजब अवजारं कल्पनेत रचत बसतो, आणि मला ती फार प्रिय आहेत. वाजवताना तारा लावणारा तिसरा हात. बोटांतून निसटलं की आपणहून परत येणारं, संतूर वाजवायचं कलम. आसनगावहून लोकलने मुंबईला निघालं की कल्याणच्या गर्दीत वाद्य सगळ्यांच्या डोक्यांवर अलगद धरून ठेवणारी फळी. आणि सर्वांत लाडकं म्हणजे संतूरचं इरलं, भातलावणी करणाऱ्या बायका पावसात पाठीवर घेतात तसलं.

हसता हसता जाणवतं, की यातलं प्रत्येक अवजार कुणाच्या तरी खऱ्या अडचणीतून आलंय. खुद्द संतूरही असंच बदलत आलं. संतूरवादक शिवकुमार शर्मांनी तिकाटण्यावरचं संतूर मांडीवर घेतलं, तारांची मांडणी बदलली. तरीही या वाद्यावर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही, हा आक्षेप उरलाच. मग मुंबईचे संतूरवादक उल्हास बापट यांनी बाराही स्वर लावून ठेवण्याची रचना केली, म्हणजे राग बदलला तरी तारा बदलायला नकोत. आणि तारेवरून घसरत जाणारी मींडही त्यांनी साधली. करून दाखवण्याआधी त्यांनी ही कल्पना आमच्या बैठकीत मांडली असती, तर तिसऱ्या हाताशेजारीच बसली असती! २०१८ मध्ये ते गेले. संगीतकार राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांत त्यांचं संतूर कानावर आलं, की मी हातातलं काम ठेवतो.

आमच्या डोंगरपट्ट्यात तारपा हे फुंकवाद्य वाजवणाराही असाच, आपल्या वाद्याची अडचण आपणच सोडवणारा. त्याचं वाद्य म्हणजे वाळलेला भोपळा, बांबू, मेण. सांधा सुटला की तो स्वतःच मेण लावून बसवतो.

इरलं मात्र आम्ही खरंच करणार आहोत. कामट्यांचा सांगाडा विणून द्यायला शेजारचे काका तयार आहेत, पळसाची पानंही मिळतील. आत हवा खेळती ठेवायची की कोंडायची, यावर वाद चालू आहे.