उंच गेलेला आंबा

बदलीच्या नोकरीत फळझाड वाट्यास येते ते बहुधा दुसऱ्याने लावलेलेच. सिलतऱ्यास आमच्या बिऱ्हाडामागे असलेला लंगडा आंबा असाच कोणा पूर्वाधिकाऱ्याच्या हातचा. आता तो घराच्या गच्चीवर गेला आहे. फळ धरते ते सारे शेंड्याला. तेथे झेल्याचा बांबू पुरत नाही. आमच्या वाट्यास येतात त्या पोपटांनी टाकलेल्या कोयी आणि स्पंज आयर्नच्या कारखान्यांची पानांवर बसलेली काळी धूळ.

आंब्याला मोहोर येतो तो थंडीत, जून झालेल्या डहाळीच्या टोकाला. दिवाळीनंतर शेंडे छाटले तर त्या वर्षीचा मोहोरच छाटला जातो. म्हणून फळे उतरताच, आषाढाच्या आरंभी, उघडीप पाहून कोयता लावावा; म्हणजे नवी फूट थंडीपर्यंत पक्व होते. (येथले पंचांग पौर्णिमान्त. माळ्यास नुसते 'आषाढ' म्हटले, तर तो आपल्या हिशेबाने पंधरा दिवस आधीच दारात उभा राहतो!) अगदी जुन्या, फळेनाशा झालेल्या झाडाची गोष्ट निराळी. लखनौजवळच्या रहमानखेड्याची केंद्रीय संस्था त्याच्या भारी छाटणीसाठी डिसेंबर सुचविते. परंतु मग दोनतीन वर्षे फळाची आशा सोडावी लागते.

आमचे झाड फळते आहे, तेव्हा त्याची उंची एकदम न उतरविता तीन वर्षांत उतरवावी, असे आम्ही ठरविले. पहिल्या वर्षी फक्त मधली सरळसोट फांदी. घरातून लागलीच प्रश्न आला, "तीन वर्षे आपण इथे राहणार आहोत का?" या प्रश्नाला उत्तर नव्हते, म्हणून आम्ही करवतीला धार लावून आणली.

जड फांदी वरून कापू लागले की ती आपल्याच भाराने मोडते आणि खोडाची साल सोलून नेते. यासाठी पहिला काप खालून, अर्ध्याहून कमी. दुसरा वरून, त्याच्या किंचित पुढे. आणि उरलेले खुंट शेवटी बुडाशी, फुगीर कडे राखून. चिकाने कातडी भाजते, तेव्हा अंगभर कपडे हवेत. जखमेवर १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना व १० लिटर पाणी यांचा बोर्डो लेप द्यावा. नाहीतर पावसात बुरशी शिरते.

मधली फांदी उतरली आणि स्वयंपाकघरात दुपारचे ऊन आले. राहिलेल्या दोन फांद्यांवर आम्ही तांबड्या रंगाने २ आणि ३ असे आकडे घालून ठेवले आहेत. आमच्यामागून येणाऱ्यास मराठी येईलच असे नाही, आकडे कळतील.