१७९६ क्रमांकाची फिर्याद

जिल्हा न्यायालयाच्या दप्तरात उमेदीची सारी वर्षे घालवल्यामुळे, नोंद आणि पुरावा या दोन वस्तू एक नव्हेत हे मला कोणी नव्याने शिकवण्याचे कारण नव्हते. तरीही गेल्या वर्षी एका दुरुस्ती केंद्रातील तरुण अभियंत्याने माझ्या संगणकाच्या रोजनाम्यातील एका तांबड्या खुणेवर बोट ठेवून, "काका, बोर्ड गेला," असा जो निकाल उभ्या उभ्या देऊन टाकला, त्याचा सल अद्याप मनातून गेलेला नाही. नव्या मदरबोर्डाचा खर्च माझ्या निवृत्तिवेतनास जड होता हे खरे. परंतु एकाही साक्षीदाराची जबानी न घेता शिक्षा फर्मावली जाते, याचा संताप त्या खर्चाहून मोठा होता.

साताऱ्यात एका जुन्या ग्रंथालयाच्या हस्तलिखितांची सूची करण्याचे काम मी हौसेने अंगावर घेतले आहे. संगणक पुण्याच्या भाच्याने सुटे भाग जमवून जोडून दिलेला. पोथ्यांच्या छायाचित्रांचा भार वाढला तेव्हा रॅमच्या आणखी दोन पट्ट्या स्थानिक दुकानातून आणून बसवल्या, आणि त्यानंतर काही आठवड्यांनी यंत्र वेळी-अवेळी कोसळू लागले. कधी निळा पडदा येई, कधी तेवढाही शिष्टाचार न पाळता यंत्र एकाएकी काळे पडून आपणहून पुन्हा सुरू होई.

विंडोजमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' नावाचे एक दप्तर असते. यंत्रात जे जे घडते त्याची बारनिशी तेथे आपोआप लिहिली जाते. प्रत्येक कोसळण्यानंतर तेथे 'कर्नल-पॉवर' खात्याची ४१ क्रमांकाची नोंद दिसे, म्हणजे यंत्र रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाले एवढेच. आणि तिच्या पाठोपाठ, काही मिनिटांच्या अंतराने, 'टीपीएम-डब्ल्यूएमआय' या खात्याची (टीपीएम म्हणजे यंत्रातील सुरक्षेची चिप) १७९६ क्रमांकाची तांबडी नोंद. (दुसरा बाजीराव ज्या वर्षी पेशवाईच्या गादीवर आला, तोच हा आकडा, तेव्हा त्याच्याविषयी माझे मन आरंभापासूनच फारसे स्वच्छ नव्हते.) नोंदीचा आशय असा की, सिक्युअर बूटच्या एका चलमूल्यात बदल करावयाचा होता, परंतु या यंत्रावर सिक्युअर बूट चालूच नसल्याने तो करता आला नाही.

सिक्युअर बूट म्हणजे यंत्र जागे होताना, विंडोज सुरू होण्याच्याही आधी, मदरबोर्डावरील फर्मवेअरने घेतलेली झडती: ज्या प्रणालीवर विश्वसनीय स्वाक्षरी नाही तिला आत प्रवेश नाही. ज्या दाखल्यांवर ही स्वाक्षरी पारखली जाते ते २०११ सालचे असून त्यांची मुदत जून २०२६ पासून संपू लागते. शिवाय ही झडती चुकवून आत शिरणारा 'ब्लॅकलोटस' नावाचा घातक प्रोग्राम २०२३ मध्ये उघडकीस आला. त्यामुळे जुने दाखले बदलून २०२३ चे नवे बसवण्याची मोहीम सुरू झाली. माझ्या यंत्रात जुन्या पद्धतीशी जुळवून घेणारी 'सीएसएम' ही सोय चालू होती आणि सिक्युअर बूट बंद. बेलिफाने समन्स घेऊन यावे, दाराला कुलूप पाहावे आणि 'इसम घरी मिळून आला नाही' असा शेरा मारून परत जावे, तितकाच या नोंदीचा अर्थ होता.

दुरुस्ती केंद्रात मात्र तिचा अर्थ निराळा लागला. अभियंत्याने यंत्र सुरू केले, दप्तर उघडले, तांबडे चिन्ह पाहिले आणि मला असा अनुमानक्रम ऐकवला, की एखाद्या नैयायिकाने शेंडीला गाठ मारून घरचा रस्ता धरावा. "टीपीएम असतो कुठं? बोर्डावर. एरर कुणाची? टीपीएमची. म्हणजे बोर्ड गेला." मी विचारले, "अहो, पण नोंदीत टीपीएम बिघडल्याचे कोठे म्हटले आहे? सिक्युअर बूट बंद आहे, एवढेच लिहिले आहे." तो म्हणाला, "काका, तसं लिहितातच." मग, यंत्र कोसळलेले नसताना, मी ते त्याच्यादेखत रीतसर बंद केले, रीतसर सुरू केले, आणि काही वेळाने तीच १७९६ ची नोंद पुन्हा उमटलेली त्यास दाखवली. माझ्या समजुतीप्रमाणे खटला येथेच निकालात निघावयास हवा होता. कारण जी नोंद यंत्र धडधाकट असतानाही उमटते, ती यंत्राच्या मृत्यूचे कारण कशी असेल? तो क्षणभरही न थांबता म्हणाला, "तेच तर सांगतोय! दर वेळी येतेय, म्हणजे फॉल्ट परमनंट आहे." आरोपी घटनास्थळी होता म्हणून दोषी, आणि घटनाच घडली नाही तेव्हाही होता म्हणून अधिकच दोषी! चाळीस वर्षांत इतका निर्भय न्यायाधीश मी पाहिला नव्हता.

वस्तुस्थिती अशी, की दाखले बदलण्याचे हे काम विंडोजच्या नियोजित कामांच्या यादीत असते; यंत्र सुरू झाल्यावर ते एकदा, आणि पुढे दर १२ तासांनी आपोआप चालते. यंत्र कोसळले की ते पुन्हा सुरू होते. सुरू झाले की हे काम चालते. आणि कुलूप दिसले की शेरा उमटतो. सबब प्रत्येक आघाताशेजारी ही नोंद सापडणारच, पण सापडणार ती आघातानंतर. ४१ ची नोंददेखील पुढच्या प्रारंभी लिहिली जाते. आघाताची खरी वेळ हवी असेल तर ६००८ ची नोंद उघडून तिचा मजकूर वाचावा लागतो, आणि तो वाचण्याची तसदी तेथे कोणी घेतली नाही.

यंत्र घरी आणले. भाच्याने दूरध्वनीवरून एकेक पायरी सांगितली. सीएसएम बंद केले, फर्मवेअरमधील मूळ किल्ल्या पूर्ववत केल्या, सिक्युअर बूट चालू केले. १७९६ ची नोंद नाहीशी झाली. यंत्र मात्र दुसऱ्याच दिवशी, मोडी बखरीची नोंद करीत असताना, पूर्वीच्याच निष्ठेने कोसळले. मला त्या वेळी झालेला आनंद घरातल्या मंडळींना चमत्कारिक वाटला.

मग निळ्या पडद्यांची जबानी घेतली. एकदा 'मेमरी मॅनेजमेंट', एकदा 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया', एकदा आणखीच काही. दर तारखेला निराळे बोलणाऱ्या साक्षीदाराच्या मागे कोण उभा आहे याचा शोध घ्यावा लागतो. भाचा म्हणाला, "मामा, आधी रॅम बघू." मेमटेस्ट हा तपासणीचा प्रोग्राम रात्रभर चालवला, सकाळी पडद्यावर तांबड्या ओळींची रांग लागली होती. पट्ट्या चारी बाजारात जलद म्हणून विकल्या जाणाऱ्या, आणि 'एक्सएमपी' या तजविजीमुळे १.३५ व्होल्टवर ३२०० च्या गतीने धावणाऱ्या. पण दोन एका खरेदीच्या, दोन दुसऱ्या. एक्सएमपी बंद करून त्यांना १.२ व्होल्टच्या मूळ मंद गतीवर आणताच ओळी थांबल्या आणि यंत्राचे कोसळणेही थांबले. जुन्या जोडीवर किंवा नव्या जोडीवर, स्वतंत्रपणे, एक्सएमपीसह कोणताच दोष सिद्ध होईना. चौघींना एकत्र, त्या वेगाने, ते ओझे झेपत नव्हते. कोणा एकीस दोषी ठरवता आले नाही याची मला थोडी हळहळ वाटली.

दुरुस्ती केंद्रात "बायोस फ्लॅश करून बघू", म्हणजे फर्मवेअर नव्याने लिहू, असाही एक प्रस्ताव आला होता. तो मी नाकारला हे फार बरे केले. ज्या यंत्राची स्मृतीच बेभरवशाची, त्याचे फर्मवेअर नव्याने लिहिताना यंत्र मध्येच कोसळले तर धडधाकट बोर्डही खरोखरच मृत होतो. ज्यांच्याकडे वीज लपंडाव खेळते त्यांनी यूपीएसशिवाय त्या वाटेस जाऊ नये, आणि रॅम तपासल्याशिवाय तर मुळीच जाऊ नये.

त्या मुलाविषयी माझे मन आताशा निवळले आहे. दिवसाकाठी अनेक यंत्रे त्याच्यासमोर येतात, प्रत्येकाच्या दप्तरात निरुपद्रवी तांबडी चिन्हे ढिगाने असतात, आणि सुटा भाग बदलणे हाच त्याच्या केंद्राचा रिवाज. तो रिवाज त्याने घातलेला नाही. असे मी स्वतःस समजावतो, आणि लगेच ते "परमनंट" आठवून पुन्हा भडकतो. अज्ञानाची क्षमा करता येते, पण एवढ्या खात्रीची कशी करावी?

केंद्राच्या जॉबशीटवर अजून असा शेरा आहे: 'मदरबोर्ड सदोष, ग्राहकाने बदलण्यास नकार दिला.' तो काढून टाकावा असा अर्ज मी केला. उत्तर आले की, बंद झालेल्या जॉबशीटमध्ये फेरफार होत नाही. यंत्र पुन्हा आणून तपासणी फी भरल्यास नवी नोंद करता येईल. यंत्र उत्तम चालत असताना त्याचे निर्दोषत्व फी भरून सिद्ध करावे, ही तजवीज मला मान्य नाही. दुसरा अर्ज टंकलिखित करून ठेवला आहे. त्यास मेमटेस्टच्या दोन्ही अहवालांच्या नकला जोडल्या असून, पोच घेतल्याशिवाय तेथून उठावयाचे नाही असे ठरवले आहे.